आयव्हीएफची इंजेक्शनं आणि फुगलेलं पोट : बोरिवली-अंधेरीहून घरी आल्यावर काय मोजायचं, कधी धावायचं

मूल होत नाही म्हणून मोठ्या उपचाराला निघालेलं आपल्या भागातलं जोडपं बहुतेक वेळा मुंबईच्या उपनगरांतच जातं. डहाणू, पालघर, विक्रमगडकडची मंडळी बोरिवली नाहीतर अंधेरीला उतरतात. जव्हार-मोखाड्याहून आधी एसटी आणि मग लोकल. शहापूर, कसाऱ्याकडची माणसं मुलुंड किंवा घाटकोपर गाठतात. पहाटे निघायचं, रक्त द्यायचं, सोनोग्राफी करायची, इंजेक्शनाची चिठ्ठी घ्यायची आणि संध्याकाळच्या गाडीने परत. असे दहा-बारा दिवस जातात. मग स्त्रीबीजं काढतात, बाई घरी येते आणि सगळ्यांना वाटतं, अवघड काम संपलं.

खरी काळजी घ्यायचे दिवस तिथूनच सुरू होतात. इंजेक्शनं चालू असताना मोजमाप ठेवायला क्लिनिक असतं. घरी आल्यावर पोट फुगतं, मळमळतं, लघवी कमी होते, तेव्हा घरात कोणीतरी म्हणतं, "गॅस धरला असेल, ओवा खा." कधी तो गॅसच असतो. पण कधी तो इंजेक्शनांमुळे होणारा एक ठरावीक त्रास असतो. त्याला डॉक्टर 'ओव्हेरियन हायपरस्टिम्युलेशन सिंड्रोम', थोडक्यात ओएचएसएस म्हणतात. वेळेत ओळखला तर तो आटोक्यात येतो. दुर्लक्ष केलं तर जिवावर बेतू शकतं.

हा त्रास काय आहे, रक्ताच्या रिपोर्टवरून त्याची चाहूल आधी कशी लागते, घरी काय मोजायचं आणि कधी वाट न बघता निघायचं, हे या लेखात सांगितलं आहे. लेख जपून ठेवा. घरात किंवा नात्यात कोणी उपचार घेत असेल तर त्यांनाही पाठवा.

इंजेक्शनं नेमकं काय करतात?

एरवी दर महिन्याला बाईच्या बीजांडकोषात, ज्याला आपण सगळे ओव्हरी म्हणतो, अनेक छोट्या पिशव्या वाढायला लागतात. त्यातली साधारण एकच पूर्ण वाढते आणि एक बीज बाहेर पडतं. या पाण्याने भरलेल्या छोट्या पिशवीला फॉलिकल म्हणतात.

आयव्हीएफ म्हणजे टेस्ट ट्यूब बेबीच्या उपचारात एका बीजावर भागत नाही. आठ-दहा बीजं मिळाली तर त्यातून चांगला गर्भ तयार होण्याची शक्यता वाढते. म्हणून पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून रोज हार्मोनची इंजेक्शनं देतात. साधारण ८ ते १२ दिवस ती चालतात. पिशव्या पुरेशा मोठ्या झाल्या, म्हणजे त्यातल्या दोन-तीन १७-१८ मिलिमीटरच्या झाल्या, की शेवटचं 'ट्रिगर' इंजेक्शन देतात. त्याने बीजं पक्की होतात. त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी भूल देऊन सुईने बीजं काढतात. क्लिनिकमध्ये याला 'पिकअप' म्हणतात.

ट्रिगरची वेळ अगदी काटेकोर असते. सोमवारी रात्री ९ ला ट्रिगर घेतलं तर बुधवारी सकाळी ९ ला ३६ तास भरतात. म्हणून त्या दिवशी सकाळची लोकल धरून पोचू असा हिशेब करू नका. गाड्या उशिरा धावल्या तर बीजं पिशवीतून सुटून जातात आणि सगळी मेहनत वाया जाते. आदल्या रात्रीच जवळपास मुक्काम करा.

इंजेक्शनांबद्दल आणखी एक. काही इंजेक्शनं फ्रीजमध्ये २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. आणताना बर्फाच्या डब्यात आणा, पण ती थेट बर्फाला टेकू देऊ नका. गोठलेलं इंजेक्शन खराब होतं. गावात लाईट जात असेल तर क्लिनिकला आधीच सांगा.

रिपोर्टवरचे आकडे कशाचे?

क्लिनिकमध्ये बरेच रिपोर्ट होतात आणि फाईल जाड होत जाते. त्यातले पाच आकडे समजले तरी पुरे.

१) एएमएच : ओव्हरीत बीजांचा साठा किती आहे याचा अंदाज. हे रक्त पाळीच्या कोणत्याही दिवशी देता येतं. आकडा कमी आला तर घरचे घाबरतात, जास्त आला तर खूश होतात. पण एएमएच साधारण ३.४ नॅनोग्रॅमच्या वर असेल तर ओव्हरी इंजेक्शनांना जोरात प्रतिसाद देण्याची शक्यता असते. अशा बाईला डोस बेतानेच द्यावा लागतो.

२) सोनोग्राफीतली पिशव्यांची मोजणी : पाळीच्या सुरुवातीला दोन्ही ओव्हरीत मिळून किती छोट्या पिशव्या दिसतात ते मोजतात. २४ पेक्षा जास्त असतील तर तीही धोक्याची खूण आहे.

३) एफएसएच आणि एलएच : पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केलेल्या तपासण्या. ओव्हरीला मेंदूकडून किती जोर लावावा लागतो ते एफएसएचवरून कळतं.

४) इस्ट्राडायॉल, ज्याला क्लिनिकमध्ये 'ई-टू' म्हणतात : हे हार्मोन वाढणाऱ्या पिशव्यांमधून येतं. जितक्या जास्त पिशव्या, तितका आकडा मोठा. एका पक्व पिशवीमागे साधारण २०० ते ३०० पिकोग्रॅम असा ठोकताळा असतो. ट्रिगरच्या सुमाराला हा आकडा ३,५०० च्या वर गेला, किंवा सोनोग्राफीत २५ किंवा जास्त पिशव्या दिसल्या, तर ओएचएसएसचा धोका वाढलेला असतो. काही लॅब दुसऱ्या एककात आकडा देतात आणि तो जवळजवळ पावणेचार पट मोठा दिसतो. म्हणून आकड्यापुढे पिकोग्रॅम लिहिलंय की पिकोमोल, ते बघा आणि मगच घाबरा.

५) प्रोजेस्टेरॉन : ट्रिगरच्या दिवशी हे १.५ च्या वर असेल तर गर्भाशयाचं अस्तर वेळेआधी पुढे गेलेलं असू शकतं. अशा वेळी डॉक्टर त्याच महिन्यात गर्भ सोडण्याऐवजी तो गोठवून ठेवायला सांगतात.

एक-दोन खेपा टळाव्यात म्हणून "आजची सोनोग्राफी राहू दे, परवा येऊ" असं स्वतःच ठरवू नका. पाचव्या-सहाव्या दिवसापासून बोलावतात ते ओव्हरी जास्त तर भडकत नाही ना, हे बघायला. त्या दिवशीच्या आकड्यावरून डोस कमी करता येतो. ट्रिगर होऊन गेल्यावर तो परत घेता येत नाही.

धोका कोणाला जास्त?

- पीसीओडी किंवा पीसीओएस असलेल्या बायका
- तरुण वय आणि सडपातळ बांधा
- एएमएच जास्त असलेल्या बायका
- आधीच्या उपचारात हा त्रास झालेल्या बायका
- ज्यांची २४ किंवा त्याहून जास्त बीजं निघाली
- याच खेपेत गर्भ राहिलेल्या बायका

हलका त्रास बऱ्याच जणींना होतो, जवळजवळ तिघींत एकीला. मध्यम ते तीव्र त्रास १०० पैकी ३ ते ८ उपचारांत होतो. म्हणजे बहुतेकींचं निभावतं. पण ज्यांचं निभावत नाही त्यांना तास-दोन तासांचा प्रवास करून क्लिनिक गाठावं लागतं, म्हणून आपल्या भागातल्या बायकांनी जास्त सावध राहायला हवं.

हा त्रास फक्त आयव्हीएफमध्येच होतो असंही नाही. तालुक्याच्या गावी आययूआय करताना हार्मोनची इंजेक्शनं दिली तरी तो होऊ शकतो. नुसत्या गोळ्यांवर मात्र क्वचितच.

पोटात पाणी कुठून येतं?

ट्रिगरसाठी बहुतेक वेळा एचसीजी नावाचं हार्मोन वापरतात. ते शरीरात बरेच दिवस टिकतं. ओव्हरीत खूप पिशव्या असतील तर त्याच्यामुळे तिथे एक असं द्रव्य तयार होतं, की ज्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरायला लागतात. रक्तातलं पाणी वाहिनीतून निसटून पोटात जमतं, कधी फुफ्फुसाभोवतीही.

म्हणजे होतं काय, तर शरीरात पाणी असतं पण चुकीच्या जागी. पोट भरतं आणि रक्त मात्र घट्ट होतं. मूत्रपिंडाला पुरेसं रक्त मिळत नाही, म्हणून लघवी कमी होते. घट्ट रक्तात गाठ होण्याची भीती असते. ती पायात होते आणि तिथून फुफ्फुसात जाऊ शकते. या त्रासातला सर्वांत मोठा धोका हाच.

एक गोष्ट घरच्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. रक्त घट्ट झालं की रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन वाढलेलं दिसतं. आधी ११ असलेलं हिमोग्लोबिन पिकअपनंतर आठवड्यात १४ झालं, तर "चला, रक्त वाढलं" म्हणून खूश होऊ नका. त्याच रिपोर्टवर 'पीसीव्ही' किंवा 'हिमॅटोक्रिट' असा आकडा असतो. तो ४५ च्या वर असेल तर त्रास तीव्र समजतात, ५५ च्या वर असेल तर अतिगंभीर.

त्रास दोन वेळा येऊ शकतो. पहिला ट्रिगरनंतरच्या आठ-नऊ दिवसांत. दुसरा दहाव्या दिवसानंतर, गर्भ राहिला तर. कारण गर्भ स्वतःच एचसीजी तयार करतो. हा दुसरा त्रास जास्त दिवस टिकतो. आनंदाची बातमी आणि धोका एकाच आठवड्यात येतात, म्हणून गोड बातमी कळल्यावरही मोजमाप थांबवायचं नाही. गर्भ राहिला नसेल तर पाळी येईपर्यंत त्रास हळूहळू ओसरतो.

ट्रिगरनंतर दहा-बारा दिवसांत घरी केलेल्या लघवीच्या टेस्टवर विश्वास ठेवू नका. इंजेक्शनातलंच एचसीजी अंगात असल्याने दोन रेषा खोट्याही येऊ शकतात.

ट्रिगर घेण्याआधी विचारायचे पाच प्रश्न

डॉक्टरांना प्रश्न विचारायला आपल्याकडे संकोच वाटतो. "त्यांना राग आला तर?" असं मनात येतं. पण हे प्रश्न चांगल्या डॉक्टरला आवडतात.

१) माझ्या किती पिशव्या वाढल्या आहेत आणि आजचा ई-टू किती आहे?
२) मला ओएचएसएसचा धोका जास्त आहे का?
३) एचसीजीऐवजी दुसरं ट्रिगर देता येईल का?
४) या महिन्यात गर्भ न सोडता तो गोठवून ठेवणं बरं पडेल का?
५) रात्री-अपरात्री त्रास झाला तर कोणत्या नंबरवर फोन करू आणि कोणत्या हॉस्पिटलला जाऊ?

तिसऱ्या प्रश्नाचं कारण असं. काही उपचारपद्धतींत एचसीजीऐवजी ल्युप्रोलाइड किंवा ट्रिप्टोरेलिन ही इंजेक्शनं ट्रिगर म्हणून देता येतात. त्यांचा परिणाम लवकर ओसरतो आणि ओएचएसएसचा धोका खूप कमी होतो. कॅबरगोलिनच्या गोळ्यांनीही मदत होते. तुमच्या बाबतीत काय चालेल ते डॉक्टरच ठरवतील, पण विचारणं आपलं काम.

चौथा प्रश्न घरच्यांच्या दृष्टीने अवघड असतो. एवढा खर्च, एवढ्या खेपा आणि डॉक्टर म्हणतात, "या महिन्यात गर्भ सोडायचा नाही, दोन महिन्यांनी बघू." घरी सासूबाई विचारतात, "म्हणजे झालंच नाही का?" तसं नसतं. गोठवलेला गर्भ सुरक्षित असतो. या महिन्यात गर्भधारणाच नसेल तर तो दुसरा, लांबणारा त्रास टळतो.

२०१६ साली चीनमध्ये पीसीओएस असलेल्या १,५०८ स्त्रियांवर झालेला मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. लगेच गर्भ सोडलेल्यांपैकी ७.१ टक्के स्त्रियांना ओएचएसएस झाला, गर्भ गोठवून नंतर सोडलेल्यांत फक्त १.३ टक्के. मूल होण्याचं प्रमाण लगेच सोडलेल्यांत ४२ टक्के आणि गोठवलेल्यांत ४९.३ टक्के होतं. गोठवलेल्या गर्भाच्या बाळंतपणात बीपी वाढण्याचा त्रास मात्र थोडा जास्त दिसला, म्हणून दिवस राहिल्यावर बीपी नियमित तपासायचं.

गर्भ गोठवण्याचं हे तंत्र आपल्या देशाला नवं नाही. ३ ऑक्टोबर १९७८ ला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नातून बाळ जन्मलं, तेव्हा त्यांनी हार्मोनची इंजेक्शनं देऊन बीजं वाढवली होती आणि गर्भ गोठवून नंतर सोडला होता. तेव्हा त्यांच्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. पुढे ६ ऑगस्ट १९८६ ला मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्ट ट्यूब बेबी जन्माला आली आणि देशातली पहिली म्हणून तिची नोंद झाली. नंतर याच आनंद कुमारांनी मुखोपाध्यायांचे कागद तपासले आणि १९९७ साली, पहिला मान त्यांचाच, असं जाहीरपणे सांगितलं.

घरी आल्यावर रोज मोजायच्या पाच गोष्टी

पिकअपच्या दिवसापासून निदान दोन आठवडे, आणि गर्भ राहिला तर डॉक्टर सांगतील तोपर्यंत, एका वहीत लिहीत जा. जबाबदारी नवऱ्याने किंवा घरातल्या एका माणसाने घ्यावी. आजारी बाईनेच सगळं लक्षात ठेवायचं, असं नको.

१) वजन : रोज सकाळी, लघवी करून आल्यावर, काही खाण्याआधी, एकाच काट्यावर. घरी काटा नसेल तर आशाताईंना विचारा, अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात मोठ्यांचा काटा असतो. एका दिवसात १ किलो किंवा जास्त वाढलं तर क्लिनिकला फोन करा.

२) पोटाचा घेर : शिंप्याची टेप बेंबीवरून फिरवून मोजा. रोज त्याच जागी. पोट दिवसेंदिवस वाढत असेल आणि घट्ट, ताणलेलं लागत असेल तर ते जेवणाने भरलेलं नाही.

३) लघवी : जुन्या प्लास्टिकच्या मगावर लिटरची खूण करून घ्या आणि २४ तासांची लघवी मोजा. १ लिटरच्या खाली आली तर फोन. अर्ध्या लिटरच्या खाली आली किंवा खूप गडद झाली तर त्याच दिवशी हॉस्पिटल.

४) श्वास : सपाट झोपल्यावर दम लागतो का, दोन-चार पायऱ्या चढल्यावर धाप लागते का. कोरोनाच्या काळातलं ऑक्सिमीटर घरात असेल तर काढा. आकडा ९५ च्या खाली येत असेल तर थांबू नका.

५) पाय : एका पायाच्या पोटरीत दुखतंय का, एकच पाय सुजलाय का, हात किंवा मान दुखून सुजली आहे का.

तीन पायऱ्या : कधी घरी, कधी फोन, कधी गाडी

घरी थांबता येईल : पोट थोडं फुगलेलं, हलकं दुखणं, थोडी मळमळ. जेवण जातंय, लघवी ठीक आहे. वही चालू ठेवा.

त्याच दिवशी क्लिनिकला फोन : उलट्या सुरू झाल्या, पोट उघड दिसण्याइतकं वाढलं, वजन १ किलोने चढलं, लघवी कमी झाली, गरगरतंय.

ताबडतोब हॉस्पिटल, १०८ ला फोन : दम लागतोय, छातीत दुखतंय, लघवी जवळजवळ बंद, काहीच पोटात ठरत नाही, चक्कर येऊन पडली, पोटरी दुखून सुजली, बोलणं अडखळतंय किंवा एका बाजूची ताकद गेली.

शेवटच्या पायरीवर "आधी मुंबईच्या डॉक्टरांना विचारू, मग बघू" असं करू नका. आधी जवळचं मोठं रुग्णालय गाठा. जव्हारचं कुटीर रुग्णालय असो, डहाणू-शहापूरचं उपजिल्हा रुग्णालय असो, निदान ऑक्सिजन आणि पहिले उपचार तिथे सुरू होतात. क्लिनिकशी फोनवर बोलणं वाटेत करता येतं. उपनगरात असतानाच त्रास झाला आणि क्लिनिक बंद असेल, तर महापालिकेची मोठी रुग्णालयं आहेत : अंधेरी-पार्ल्याकडे कूपर, घाटकोपरला राजावाडी.

आणखी तीन त्रास वेगळे, पण तितकेच तातडीचे.

- पोटात एका बाजूला अचानक असह्य कळ आणि उलट्या : फुगलेल्या ओव्हरीला पीळ बसला असू शकतो. तिचा रक्तपुरवठा तुटतो, काही तासांत ऑपरेशन करावं लागतं.
- पिकअपनंतर अंग पांढरंफटक पडणं, घाम, खूप अशक्तपणा, पोट कडक होणं : आत रक्तस्राव होत असू शकतो.
- ताप, थंडी, घाण वासाचा स्राव : जंतुसंसर्ग.

हे अजिबात करू नका

पोट चोळून घेऊ नका. "बेंबी सरकली", "वायगोळा आहे" म्हणून गावात पोट चोळतात. या दिवसांत ओव्हरी लिंबाएवढी न राहता संत्र्याएवढी किंवा त्याहून मोठी, नाजूक झालेली असते. चोळल्याने ती फुटू शकते किंवा पीळ बसू शकतो.

दुखण्यासाठी डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन किंवा आयब्युप्रोफेन घेऊ नका. मूत्रपिंडावर आधीच ताण असतो. पॅरासिटामॉल चालतं.

लघवी होत नाही म्हणून लघवीची गोळी किंवा इंजेक्शन स्वतःहून घेऊ नका. रक्त आणखी घट्ट होईल.

पाणी पिणं बंद करू नका, आणि कोणी सांगितलं म्हणून घागरभर पिऊही नका. तहान लागेल तसं पीत राहा. ताक, डाळीचं पाणी, शहाळं चालतं. जेवणात डाळ, अंडी, मासे असू द्या.

दिवसभर अंथरुणाला खिळून राहू नका, पायात गाठ होण्याची भीती वाढते. घरातल्या घरात चाला, पाय हलवत राहा. पण शेतातलं काम, डोक्यावर हंडे, वाकून भात लावणी, मोटारसायकलवरचे धक्के, नवरा-बायकोचा संबंध, हे सगळं डॉक्टर सांगेपर्यंत बंद.

गावातल्या डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी

रात्री अकराला गावातल्या दवाखान्यात गेलात आणि नुसतं "पोट दुखतंय" म्हणालात, तर ते साध्या पोटदुखीचाच उपचार करतील. चूक त्यांची नाही, त्यांना माहीतच नसतं. गावात आयव्हीएफचं कोणाला सांगायचं नाही, म्हणून बऱ्याच जणी गप्प बसतात. चारचौघांत सांगू नका, पण डॉक्टरला सांगाच. पिकअपच्या दिवशीच क्लिनिककडून हे लिहून घ्या आणि फोनमध्ये फोटो काढून ठेवा :

- आयव्हीएफ उपचार चालू आहे, ओएचएसएसची शक्यता लक्षात घ्यावी
- ट्रिगर इंजेक्शनाचं नाव, तारीख, वेळ
- पिकअपची तारीख आणि किती बीजं काढली
- शेवटचा ई-टू, आणि उपचाराआधीचं हिमोग्लोबिन व वजन
- गर्भ सोडला आहे की गोठवला आहे
- चालू औषधं, ॲलर्जी, रक्तगट
- क्लिनिकचा २४ तास चालणारा नंबर

हॉस्पिटलमध्ये गेल्यावर साधारणपणे रक्त तपासतात, सोनोग्राफीत पोटातलं पाणी बघतात, सलाईन मोजून देतात, रक्तात गाठ होऊ नये म्हणून हेपॅरिनची इंजेक्शनं देतात. पाणी फार झालं तर सुईने काढतात. सुई बघून घाबरू नका, त्याने लगेच हलकं वाटतं.

पैशासाठी बीज देणाऱ्या मुलींसाठी

हा सगळा धोका मूल हवं असणाऱ्या बाईइतकाच, दुसऱ्यासाठी स्त्रीबीज देणाऱ्या बाईलाही असतो. इंजेक्शनं तीच, ट्रिगर तेच. २०१० साली मुंबईत भंगाराच्या दुकानात काम करणाऱ्या अवघ्या १७ वर्षांच्या मुलीचा स्त्रीबीज दिल्यानंतर काही दिवसांतच मृत्यू झाला. तिने आधीही बीज दिलं होतं, असं पुढे आलं. शवविच्छेदनात अंगावर दुखापतींच्या खुणाही नोंदल्या गेल्या होत्या. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि न्यायालयाने २०१२ मध्ये पोलिसांच्या तपासावर प्रश्न विचारले.

त्यानंतर देशात कायदा आला. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायदा, २०२१ हा जानेवारी २०२२ पासून लागू आहे. त्यातल्या कामाच्या गोष्टी :

- स्त्रीबीज देणारीचं वय २३ ते ३५ हवं.
- ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिची ७ पेक्षा जास्त बीजं काढता येत नाहीत.
- तिच्यासाठी विमा काढणं मूल हवं असणाऱ्या जोडप्यावर बंधनकारक आहे.
- उपचार घेणाऱ्या बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ हवं.
- क्लिनिकची नोंदणी हवीच. आयव्हीएफ करणारं क्लिनिक 'लेव्हल २' नोंदणीचं असतं. प्रमाणपत्र बघायला मागा.
- लेखी संमती आणि समुपदेशन आवश्यक आहे. वाचता न आलेल्या कागदावर सही करू नका, मराठीत समजावून मागा.
- क्लिनिकमध्ये तक्रार कक्ष असायला हवा, आणि उपचार संपल्यावर काय केलं त्याचा दाखला मिळायला हवा.

गावात कोणी एजंट येऊन "दहा दिवस इंजेक्शनं, काही त्रास नाही, रोख पैसे" असं सांगत असेल, आधार कार्डावरचं वय बदलून देतो म्हणत असेल, तर तो कायदा मोडतोय आणि तुमच्या मुलीचा जीव धोक्यात घालतोय.

थोडक्यात

ट्रिगरआधी दोन आकडे विचारा : पिशव्या किती, ई-टू किती. घरी आल्यावर रोज वजन, घेर, लघवी, श्वास, पाय बघा. पोट चोळू नका, डायक्लोफिनॅक घेऊ नका. चिठ्ठीचा फोटो फोनमध्ये ठेवा. दम लागला, लघवी थांबली, अचानक कळ आली तर पहिल्या गाडीची वाट बघू नका, १०८ लावा.

या उपचारातून हजारो घरांत पाळणा हलला आहे, त्यामुळे घाबरून मागे फिरायचं कारण नाही. फक्त मूल येण्याआधी त्याच्या आईला सांभाळायचं आहे.

(ही माहिती सर्वसाधारण आहे. तुमच्या तब्येतीप्रमाणे औषध आणि डोस तुमच्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्या.)